वकिली जमली नाही म्हणून पीएच.डी.?

गेल्या वर्षी गणपतीच्या जेवणाच्या रांगेत उभी होते. हातात कागदी ताटली, पुढे मसालेभाताचं पातेलं तळाला गेलेलं, आणि मागे ओळखीचे एक काका. त्यांनी विचारलं, "मग, सध्या काय चाललंय?" मी सांगितलं, व्हायव्हा झाली, पीएच.डी. मिळाली. काकांना मनापासून आनंद झाला. "अरे वा! कशात?" म्हटलं, कायद्यात. काकांचा चेहरा जरा उतरला. "कायद्यात? म्हणजे इथे वकिली जमली नाही का?" रांगेतले तीन-चार जण हसले. मीही हसले, कारण वाद घालत बसले असते तर भात संपला असता.

त्याच आठवड्यात एक फोन आला. नाशिककडचा मुलगा, एलएल.बी. झालेला, ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळवलेला. बोलायला नम्र, हुशार. म्हणाला, "ताई, एलएल.एम.ला आलो तर बायकोला आणता येत नाही म्हणतात. रिसर्चला प्रवेश घेतला तर आणता येतं. तुम्ही केलंयत, तर एखादा सोपा विषय सुचवाल का?"

काका आणि हा मुलगा एकमेकांना ओळखत नाहीत. एकाच्या मते कायद्यातली पीएच.डी. म्हणजे धंद्यात मागे पडलेल्या माणसाची सोय. दुसऱ्याच्या मते ती बायकोला आणायची सोय. मला मात्र ही दोन्ही मतं एकच वाटतात. ही पदवी एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी असते, हे दोघांच्याही डोक्यात आलेलं नाही. आणि हा गैरसमज परदेशातल्या मराठी घरांमध्ये इतका मुरलाय की त्याबद्दल एकदा स्पष्ट लिहायला हवं, असं मला वाटतं.

आधी ही पदवी काय असते ते सांगते, कारण आपल्याकडे सगळ्या इंग्रजी अक्षरांचा काला होतो. ब्रिटनमधली एलएल.एम. ही बहुतेक ठिकाणी वर्गात शिकवली जाणारी, एका वर्षाची पदवी आहे. चार-सहा विषय घ्यायचे, निबंध लिहायचे, शेवटी दहा-पंधरा हजार शब्दांचा प्रबंध द्यायचा. वाईट काहीच नाही त्यात. चांगल्या ठिकाणी केली तर डोकं साफ होतं. पण ती करून इथे सॉलिसिटर होता येत नाही, त्याच्या परीक्षा वेगळ्या असतात. ही साधी गोष्ट कर्ज काढून झाल्यावर कळलेली किमान अर्धा डझन मुलं मला माहीत आहेत. पीएच.डी.चा मामला निराळा. पूर्णवेळ तीन-चार वर्षं, अर्धवेळ सहा-सात. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी एम.फिल.मध्ये नाव घालतात. वर्षभराने तुमचं काम तपासून पीएच.डी.त बढती द्यायची की नाही ते ठरतं. शेवटी ऐंशी हजार ते एक लाख शब्दांचा प्रबंध. मग बंद दाराआड दोन परीक्षक, एक विद्यापीठातला आणि एक बाहेरचा, दोन-तीन तास तुम्हाला सोलून काढतात. अमेरिकेत वकिलीची पदवी जे.डी., आणि संशोधनाची एस.जे.डी. किंवा जे.एस.डी.; तिथे बहुतेक जण एलएल.एम.नंतर पोचतात. नावं वेगळी असली तरी अट सारखीच: यापूर्वी कुणाला माहीत नव्हतं असं काहीतरी तुम्ही सांगितलं पाहिजे.

"असं काहीतरी" कुठून येतं? माझ्यापुरतं सांगते.

इथे येण्याआधी मी महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करत होते. बरी चालत होती, हे काकांसाठी मुद्दाम लिहिते. कौटुंबिक दावे जास्त. त्यात एक ठरलेला डाव होता. बायकोने पोटगीचा अर्ज केला की नवऱ्याच्या बाजूने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज ठोकायचा. पुस्तकी नाव दांपत्य हक्कांचं पुनःस्थापन. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे म्हणायचे 'नांदायला येण्याचा दावा'. नवऱ्याला बायको परत हवी असायची असं नाही. पण "मी न्यायला तयार आहे, हीच येत नाही" असं कागदावर आलं की पोटगीच्या अर्जातली हवा जाते. शिवाय हुकूमनामा झाल्यावर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर त्याच आधारावर घटस्फोटही मागता येतो. अर्जाचा नमुना माझ्या टायपिस्टकडे तयार होता. नाव, गाव, लग्नाची तारीख बदलली की काम झालं. माझी यात जास्तीत जास्त चाळीस मिनिटं जायची.

अशाच एका दाव्यात मी नवऱ्याकडून उभी होते. सुनावणी झाल्यावर समोरची बाई व्हरांड्यात माझ्याजवळ आली. बरोबर वृद्ध वडील. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने विचारलं, "मॅडम, मी कुणाबरोबर राहायचं हे कोर्ट कसं काय सांगू शकतं? हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, कायदा आहे. ती म्हणाली, "हो, पण कुणी केला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा वर्षं मी ते कलम वापरत होते, आणि ते आलं कुठून हे मला माहीत नव्हतं. दावा आम्ही जिंकलो. पोटगी तिने मागितली होती त्याच्या निम्म्याहून कमीवर तडजोड झाली. फी मला पूर्ण मिळाली.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आलो. मुलं शाळेत जायला लागली. मी एका लॉ फर्ममध्ये आठवड्याचे तीन दिवस पॅरालीगल म्हणून काम धरलं. त्या बाईचा प्रश्न बरोबर आला होता. २०१८ मध्ये अर्धवेळ पीएच.डी.ला नाव घातलं ते त्या प्रश्नासाठी.

आता उत्तर सांगते, म्हणजे निदान तुम्हाला ते मिळवायला सात वर्षं घालवायला नकोत. हा उपाय ना धर्मशास्त्रातला, ना गावगाड्यातला. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला. लग्न हा मोडता न येणारा संस्कार, तेव्हा वेगळे राहिलेल्या नवरा-बायकोला एकत्र राहायचा हुकूम द्यायचा, अशी ती पद्धत. १८५७ मध्ये चर्चची ही सत्ता दिवाणी न्यायालयाकडे आली आणि उपाय तसाच पुढे चालला. इंग्रज न्यायाधीशांबरोबर तो हिंदुस्थानात पोचला. १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईवर दावा लावला. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि त्याच्याकडे नांदायला कधी गेलीच नव्हती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. हा उपाय इंग्लंडातून इकडे आणून लावलेला आहे, हे त्यांनी निकालात स्वच्छ लिहिलं. अपिलात ते टिकलं नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या लंडनला येऊन डॉक्टर झाल्या.

इथवरची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असते. पण पुढचं बघा. ज्या १८८४ साली दादाजीने दावा लावला, त्याच साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकायची तरतूद काढून टाकली. म्हणजे जी शिक्षा लंडनमध्ये रद्द झाली होती, तीच तीन वर्षांनी मुंबईत रखमाबाईंना सुनावली गेली. आणि १९७० मध्ये तर इंग्लंडने हा उपायच मुळापासून रद्द केला. आपण मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून नव्याने लिहून घेतला. तो आजही आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. जिथून माल आणला त्या दुकानाने तो विकणं बंद करून पन्नासहून अधिक वर्षं झाली, आणि आपण तो आपली संस्कृती म्हणून सांभाळतोय.

म्हणजे व्हरांड्यातल्या त्या बाईला खरं उत्तर असं द्यायला हवं होतं: "बाई, हे इंग्लंडातल्या पाद्र्यांनी ठरवलं, आणि त्यांच्या देशाने ते कधीच टाकून दिलं." हे तेव्हा मला माहीत असतं तर मी तो अर्ज टाईप केला असता का? कदाचित केलाही असता; पोट सगळ्यांनाच असतं. पण न्यायाधीशांसमोर तिच्या वकिलाला हे सांगता आलं असतं, तर काहीतरी फरक पडला असता.

इथे काकांचा दुसरा प्रश्न हमखास येतो. "बरं, हे सगळं शोधलंस. याचा उपयोग काय?"

उपयोग असा. कायदा म्हणजे शेवटी कुणीतरी कधीतरी लिहिलेला कागद. तो का लिहिला हे विसरलं की तो देवाने लिहिल्यासारखा वाटायला लागतो. महाडच्या चवदार तळ्याचं घ्या. १९२७ च्या सत्याग्रहानंतर तिथल्या सवर्णांनी दावा लावला की तळं आमचं आहे आणि अस्पृश्यांनी इथे यायचं नाही ही जुनी रूढी आहे. दहा वर्षं तो दावा चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ही रूढी अनादि काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आलेलं नाही. सत्याग्रहाने तो प्रश्न देशासमोर आणला. पण कोर्टात निकाल लागला तो जुनं म्हणजे किती जुनं, त्याला पुरावा काय, या कंटाळवाण्या प्रश्नावर. संशोधन म्हणजे हाच कंटाळवाणा प्रश्न चिकाटीने विचारणं.

दुसरं उदाहरण अजून जवळचं. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं. ती ओरडली नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असा तर्क. निकाल कायद्याच्या मासिकात छापून आला आणि तिथेच पडून राहिला असता. १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. यातले पहिले तिघं दिल्ली विद्यापीठातले, धगमवार पुण्याच्या. संमती आणि शरण जाणं यांत फरक आहे, हे त्यांनी न्यायालयाला समजावून सांगितलं. पत्रावरून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ते चौघं त्या खटल्यात कुणाचे वकील नव्हते. ते वाचणारे आणि शिकवणारे लोक होते. काकांच्या भाषेत, वकिली न जमलेले.

आणि वकिली करणाऱ्याने संशोधन करू नये असंही कुठे लिहिलेलं नाही. पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. तेव्हा काकांनी काण्यांनाही रांगेत गाठून विचारलं असतं का, हे मला कधीतरी त्यांना विचारायचंय.

आता नाशिकच्या मुलाकडे वळते. त्याच्यावर माझा राग नाही. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने नियम बदलला. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येणाऱ्यांना जोडीदार आणि मुलं आणता येत नाहीत. संशोधनाच्या पदवीला येणाऱ्यांना आणता येतात. पीएच.डी. झाल्यावर नोकरी शोधायला तीन वर्षांचा व्हिसाही मिळतो. एवढं वाचलं की कुणाच्याही मनात येईल, मग तेच करूया. माझा राग आहे तो हे गणित पोरांच्या गळ्यात मारणाऱ्या एजंटांवर, आणि "नाहीतरी अभ्यासच आहे ना, काय फरक पडतो" म्हणणाऱ्या आपल्या इथल्या वडीलधाऱ्यांवर.

फरक काय पडतो ते ऐका. परदेशी विद्यार्थ्याला कायद्याच्या पीएच.डी.ची फी अनेक ठिकाणी वर्षाला वीस हजार पौंड किंवा त्याहून जास्त असते. सरकारी संशोधन मंडळांचं किमान विद्यावेतन २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होतं. पण ते मोजक्यांना मिळतं, आणि मिळवायला खणखणीत प्रस्ताव लागतो. विद्यावेतन नसेल तर तीन-चार वर्षांची फी, त्यावर घरभाडं, आणि जोडीदार आला तर त्याच्या व्हिसाचा आणि आरोग्य अधिभाराचा खर्च. हे सगळं कर्जावर. वर्षभराने बढतीचं परीक्षण येतं. 'सोपा विषय' घेऊन आलेला माणूस नेमका तिथे अडकतो, कारण परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतात, "तुम्हाला नक्की काय शोधायचंय?" तिथून नाव काढून घ्यायची वेळ आली की विद्यापीठ गृहखात्याला कळवतं. मग व्हिसा त्याचाही धोक्यात आणि तिचाही. तिने तोवर इथे नोकरी धरलेली असते, मूल शाळेत घातलेलं असतं. हे मी कल्पनेने लिहीत नाही. असं सामान बांधताना मी एका घरात मदत केली आहे.

मला आलेले प्रस्तावही बघा. गेल्या दोन वर्षांत ओळखीतून वीसएक जणांनी कच्चे प्रस्ताव वाचायला पाठवले. 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा: एक चिकित्सक अभ्यास.' 'भारत, ब्रिटन आणि अमेरिका येथील गोपनीयतेच्या हक्काचा तुलनात्मक अभ्यास.' तीन देशांची नावं लिहिली की संशोधन होतं असं कुणी शिकवलं कोण जाणे. यातल्या एका मुलीशी फोनवर बोलता बोलता कळलं की तिने दोन वर्षं तलाठी कार्यालयात बहिणींच्या हक्कसोड पत्रांची कामं केली होती. सख्ख्या बहिणी रडत रडत सह्या करतात, भाऊ बाहेर मोटारसायकलवर थांबलेला असतो, आणि कागदावर लिहिलेलं असतं 'राजीखुशीने'. २००५ मध्ये कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला, तो हक्कसोड पत्राच्या एका पानावर कसा विरघळतो, हे तिने शंभर वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि प्रस्ताव काय लिहिला? कृत्रिम बुद्धिमत्ता. मी विचारलं, हे का नाही लिहीत? म्हणाली, "ताई, हे गावाकडचं आहे. बाहेर कोण विचारणार?"

माझं खरं भांडण इथे आहे. आपल्या हातात प्रश्न आहेत आणि आपल्यालाच त्यांची लाज वाटते.

याबाबतीत आम्ही संशोधन केलेले लोकही धुतल्या तांदळासारखे नाही. आम्ही आपल्या गावच्या प्रश्नावर इंग्रजीत लाखभर शब्द लिहितो. ते विद्यापीठाच्या संगणकावर जाऊन बसतात. परीक्षक दोन, मार्गदर्शक एक-दोन, आणि प्रेमापोटी नवरा, असे पाच वाचक. ज्या भाषेत ती बाई मला प्रश्न विचारून गेली, त्या भाषेत आम्ही उत्तर लिहीत नाही. खालच्या कोर्टातलं काम महाराष्ट्रात मराठीत चालतं. तिथले वकील मराठीत अर्ज लिहितात. त्यांच्या टेबलापर्यंत आमच्या प्रबंधातलं एक पानही पोचत नाही. हा दोष विद्यापीठांचा नाही, आमचा आहे. माझा आहे.

आणि लंडनमध्ये बसून आपल्याला जे मिळतं ते तिकडच्यांना सहज मिळत नाही, हेही लक्षात घ्या. सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दफ्तर आहे. वाचकाचं कार्ड फुकट मिळतं. तिथे मुंबई इलाख्यातल्या देशी वर्तमानपत्रांचे सरकारने करून घेतलेले साप्ताहिक इंग्रजी गोषवारे आहेत. रखमाबाई खटल्यावर मराठी पत्रं काय लिहीत होती, हे मराठी न येणारे अभ्यासक त्या गोषवाऱ्यांतूनच वाचतात. पण सरकारी भाषांतरकाराने दोन स्तंभांचा अग्रलेख पाच ओळींत बसवलेला असतो. मूळ मराठीतला टोमणा, म्हण, शिवी, हळहळ सगळं त्यात गळतं. 'नांदणं' या एका शब्दाचं काय होतं बघा. लग्नपत्रिकेवर आपण 'नांदा सौख्यभरे' छापतो. नांदणं म्हणजे सुखाने राहणं, भरभराटीने राहणं. इंग्रजी कागदात त्याचा 'हक्क' झाला, आणि तिथून तो परत मराठीत आला तो 'नांदायला येण्याचा दावा' होऊन. सुखाने राहण्याचा कोर्टाने हुकूम द्यायचा, हा विनोद इंग्रजीत दिसतच नाही. तो दिसायला मराठी वाचणारा माणूस त्या वाचनालयात बसावा लागतो. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तिथली यंत्रणा कोलमडली आणि माझं काम कित्येक महिने रखडलं, तेव्हा मी वैतागून सोडून द्यायला निघाले होते. पण हे काम माझ्याऐवजी दुसरं कोण करणार होतं?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्यांनी कायद्यात पीएच.डी. करावी का? अजिबात नाही. बहुतेकांनी करू नये. पैसे मिळवायचे असतील तर करू नये; प्राध्यापकाच्या जागा थोड्या, त्यांवर अर्ज ढीगभर. इथे वकिली करायची असेल तर सरळ त्या परीक्षा द्याव्यात. नावापुढे डॉक्टर लावायचं असेल तर सात वर्षांत ती हौस फिटते, माझ्यावर विश्वास ठेवा. बायकोला आणायचं असेल तर तिचं नि तुमचं शिक्षण, वय, कौशल्य यांचा हिशोब मांडून नोकरीच्या व्हिसाचा रस्ता शोधावा. तोही कठीण आहे, पण निदान त्यात खोटं बोलावं लागत नाही.

ज्याच्याकडे प्रश्न आहे त्याने मात्र जरूर करावी. वय पन्नास असलं तरी करावी, आणि आपण बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहावं. ज्यांचा इथला मुक्काम पक्का झाला आहे त्यांना स्थानिकांच्या दराने, अर्धवेळ, फी परवडण्यासारखी असते. मला वर्षाला साधारण दोन ते अडीच हजार पौंड लागले. आपल्याकडे तेवढ्यात एका मुलाच्या वाढदिवसाचा हॉल, जेवण आणि जादूगार होतो. ज्या घरात जावयाच्या एमबीएला कर्ज काढताना कुणी "उपयोग काय" विचारलं नाही, त्या घरात सुनेच्या संशोधनाला तो प्रश्न विचारला जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

प्रश्न आहे की नाही हे ओळखायची माझी एक साधी परीक्षा आहे. तुमचा विषय इंग्रजी शब्द न वापरता, एका वाक्यात आईला सांगा. "कोर्ट बाईला नांदायला जा असं का सांगतं, ते शोधतेय." माझ्या आईला हे कळलं. तिने लगेच विचारलं, "मग सापडलं का?" आईने पुढचा प्रश्न विचारला तर समजा विषय आहे. ती नुसती "बरं बरं" म्हणाली तर फी भरू नका.

नाशिकच्या मुलाला मी हेच सांगितलं. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, विषय नाहीये माझ्याकडे. पण आमच्या द्राक्षाच्या व्यापाऱ्यांनी बागायतदारांना बुडवलं की पोलीस म्हणतात हे दिवाणी आहे आणि कोर्टात गेलं की म्हणतात लेखी करार कुठाय. हे असं का, हे मला कधीपासून विचारायचंय." म्हटलं, अरे, मग हेच तर. आता तो तिकडेच वकिली करतोय, नोंदी ठेवतोय, आणि अर्ज करायची घाई नाही म्हणतो. दोन वर्षांनी आला तर सांगण्यासारखं काहीतरी घेऊन येईल. बायकोलाही विचारून येईल, अशी आशा आहे.

त्या व्हरांड्यातल्या बाईचा पत्ता माझ्याकडे नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नांदायला जाण्याचा हुकूम पाळला नाही एवढ्यावरून बायकोची पोटगी नाकारता येणार नाही. ती का गेली नाही हे पाहावं लागेल. म्हणजे माझा तो ठरलेला डाव आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. हा निकाल आला तेव्हा माझा प्रबंध नुकताच बांधून झाला होता. निकालाशी माझा काही संबंध नाही. पण मला तिची आठवण आली. तिच्यासाठी उशीर झाला. कलम ९ मात्र अजून पुस्तकात आहे, आणि माझ्या जुन्या टायपिस्टकडे तो नमुनाही असेल.

प्रबंधातलं तिसरं प्रकरण मी आता मराठीत लिहायला घेतलंय. पुढच्या गणपतीपर्यंत पूर्ण झालं तर त्याची एक प्रत काकांना देणार आहे, भाताच्या रांगेतच.